पटतं हो, पण ठेवायचं कुठे?

पर्यावरणाच्या बाबतीत एक गंमत आहे. इथे विरोधक सापडत नाही. नदीत घाण सोडावी, झाडं तोडावीत, प्लॅस्टिक आणखी वाढावं असं म्हणणारा माणूस मला अजून कुठल्याही बैठकीत भेटलेला नाही. उलट सगळे माना डोलावतात. कुणी लहानपणीच्या स्वच्छ पाण्याची आठवण काढतं, कुणी पुढच्या पिढीचं नाव घेतं, आणि बैठक संपून लोक उठले की खुर्च्यांखाली अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या आडव्या पडलेल्या दिसतात.

याला ढोंग म्हणून मोकळं होता येतं. मला ते ढोंग वाटत नाही. त्या माणसांना खरंच पटलेलं असतं. फक्त पाण्याचा जार, पेले आणि नंतर ते पेले विसळणारं कुणीतरी, एवढ्याची व्यवस्था कुणी लावलेली नसते. ज्याच्या गळ्यात बैठकीची तयारी पडली होती, त्याने दुपारी खोकं फोडून बाटल्या मांडल्या आणि तो मोकळा झाला. त्याला तरी दोष काय द्यायचा?

दुकानदारांशी, छोट्या कारखानदारांशी या विषयावर बोलायला गेलं की हाच अनुभव जास्त ठळकपणे येतो. ते ऐकून घेतात, पटतं म्हणतात आणि मग एक साधा प्रश्न विचारतात. मला हा प्रश्न पहिल्यांदा ऐकू आला तो असा: "पटतं हो ताई, पण ठेवायचं कुठे?"

गोष्ट चालली होती परत करायच्या डब्यांची. ग्राहकाने माल डब्यातून न्यावा, रिकामा डबा परत आणावा, दुकानदाराने तो धुऊन पुन्हा भरावा. कागदावर फार सुरेख दिसतं हे. पण गल्ल्याच्या मागे उभं राहून बघा. भिंतीला खोक्यांची उतरंड, त्यावर खोकी, त्यावर विजेचा मीटर, ज्याला हात पोचायला हवा म्हणून तेवढी चौकट मोकळी. एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढी वाट. संध्याकाळच्या गर्दीत मालकाचा एक हात वजनावर, दुसरा सुट्ट्या पैशांत, आणि मान खांद्याशी दाबून धरलेल्या फोनवर. अशा वेळी परत आलेला डबा कुणाच्या हातात द्यायचा? त्याला वास येत असेल, झाकण दुसऱ्याच डब्याचं असेल, कडेला बारीक चीर असेल. तो तपासणार कोण? धुवायला पाणी, जागा, माणूस कुठून आणायचा? आणि उद्या कुणाचं पोट बिघडलं तर नाव कुणाचं निघणार? यातला एकही प्रश्न पर्यावरणाच्या विरोधात नाही. सगळे दुकान चालवण्याचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं आपल्याकडे नसतील तर आपण तिथे नुसतंच भाषण द्यायला गेलेलो असतो.

म्हणून माझं आता ठाम मत झालंय की समाजाला आणि व्यवसायांना प्रोत्साहन द्यायचं म्हणजे त्यांच्या वाटेतली एखादी अडचण आपण उचलून बाजूला ठेवायची. प्रबोधन पुष्कळ झालं. आता हमाली करायची वेळ आहे.

डब्यांचाच धागा पुढे नेते. एकट्या दुकानाला जे जमत नाही ते अनेकांना मिळून जमतं, याचं एक उदाहरण जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात आहे. तिथे २०१६ साली कॉफीच्या कागदी पेल्यांना पर्याय म्हणून एक सामाईक पेला निघाला. अनामत एक युरो. एका कॅफेतून पेला घ्यायचा, पीत पीत चालायचं आणि योजनेतल्या दुसऱ्या कुठल्याही कॅफेत तो ठेवून आपला युरो परत घ्यायचा. कॅफेकडे भांडी धुण्याचं यंत्र असतंच, त्यात हे पेलेही जातात. इथे ग्राहकाला घरून काही आठवणीने आणायचं नाही. स्वतःचा पेला बरोबर बाळगणारे लोक थोर खरे, पण त्यांच्या भरवशावर शहर चालत नाही. विसरणाऱ्या माणसासाठी केलेली योजना टिकते.

एकट्याची दुसरी अडचण अधिक अवघड आहे. समजा एका दुकानदाराने ठरवलं की मी फुकट पिशवी देणार नाही. ग्राहक कुरकुरतो आणि शेजारच्या दुकानात जातो. शेजाऱ्याला पर्यावरणाचं वावडं नसतं, पण आलेलं गिऱ्हाईक तो परत कसा पाठवेल? महिन्याभरात पहिल्याचाही निश्चय ढिला पडतो. इथे कितीही सद्भावना असली तरी ती एकाच बाजूला पडते, आणि जो चांगला वागतो त्यालाच भुर्दंड.

आयर्लंडने ही गाठ छान सोडवली. ४ मार्च २००२ पासून तिथे प्लॅस्टिकच्या प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर लागला. तोवर वर्षाला दरडोई अंदाजे ३२८ पिशव्या वापरल्या जात होत्या, तो आकडा २१ वर आला. दर मोठा होता हे कारण आहेच, पण मला त्यातलं एक बारीक कलम जास्त आवडतं. हा कर दुकानदाराने स्वतःच्या खिशातून भरून ग्राहकाला खूश करायचं नाही. तो ग्राहकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा. झालं! 'शेजारचा फुकट देतो' हे वाक्यच संपलं. दुकानदारांच्या मनात आधी धाकधूक होती, पण नंतर बहुतेकांना हे सोयीचंच वाटलं, कारण फुकट वाटायच्या पिशव्या विकत घ्यायचा त्यांचा खर्च वाचला. आणि पिशव्यांवरून होणाऱ्या वादात बोट दाखवायला सरकार होतंच.

थोडक्यात, स्थानिक व्यवसायांना 'तुम्ही पुढाकार घ्या' म्हणताना आपण कधी कधी त्यांना एकट्याने पुरात उडी मारायला सांगत असतो. त्यापेक्षा एका रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांनी एकाच तारखेपासून एकच नियम लावावा म्हणून खटपट केलेली बरी. तिथे आपला उपयोग आहे: सगळ्यांकडे जाणं, तारीख ठरवणं, सगळ्यांच्या दारावर एकाच मजकुराचा कागद लावणं. हे काम कंटाळवाणं आहे. फोटो चांगले येत नाहीत.

फोटोवरून आठवलं. कापडी पिशव्या वाटण्याचे कार्यक्रम. मला यांच्याबद्दल फारसं प्रेम नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हिशोब होता: फक्त हवामानावरचा परिणाम धरला, तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा सुती पिशवी सरस ठरायला ती १३१ वेळा वापरावी लागते. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, सूत कातायला आणि विणायला वीज लागते, त्यामुळे हे व्हायचंच. (प्लॅस्टिक नाल्यांत तुंबतं, जनावरांच्या पोटात जातं, ते या हिशोबात नाही, त्यामुळे प्लॅस्टिक निर्दोष ठरत नाही.) १३१ वेळा हा काही मोठा आकडा नव्हे, एक चांगली पिशवी तेवढी सहज टिकते. पण प्रत्येक संमेलनातून, प्रत्येक उद्घाटनातून एकेक बोधवाक्य छापलेली पिशवी घरी आली आणि दाराच्या खिळ्यावर तिचा गठ्ठा झाला, तर १३१ चा हिशोब कुठे राहिला? नवीन पिशवी वाटण्यापेक्षा लोकांच्या घरातले हे गठ्ठे गोळा करून दुकानाच्या दाराशी एका खुंटीवर टांगावेत. विसरलात तर न्या, पुढच्या खेपेला आणून द्या.

व्यवसायाशी बोलायची आणखी एक भाषा आहे, आणि ती पृथ्वीची नसून वहीखात्याची आहे. छोट्या वर्कशॉपमध्ये दाबाच्या हवेवर चालणारी हत्यारं असतात. कोपऱ्यात कॉम्प्रेसर, भिंतीवरून फिरवलेला पाइप, जागोजागी जोड. दिवसभर आवाजात काही कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळी मशिनं थांबली की तिथे उभं राहावं. कुठून तरी बारीक स्सस्स ऐकू येतं. एका जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा फुगतो, दुसऱ्यावर लावलं की तिथेही. आणि कुणीही हवा वापरत नसताना मधूनच कॉम्प्रेसर धडधडत सुरू होतो, भरतो, बंद पडतो. देखभाल नसलेल्या ठिकाणी कॉम्प्रेसरने भरलेल्या हवेतली २० ते ३० टक्के अशी गळून जाणं ही नेहमीची गोष्ट मानली जाते. वीज जळाली, हवा गेली, काम काहीच झालं नाही. मालकाला ग्लोबल वॉर्मिंगवर व्याख्यान देऊ नका. त्याला जेवणाच्या सुट्टीत तो आवाज ऐकवा आणि वाटीभर साबणाचं पाणी त्याच्या हातात द्या. पुढचं तो स्वतः करतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवतोही.

खानावळींचं, उपाहारगृहांचं असंच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं जवळपास ६० टक्के घरांतून, २८ टक्के उपाहारगृहं आणि तत्सम सेवांमधून, उरलेलं किरकोळ विक्रीतून. या आकड्यांनी कुठल्याही स्वयंपाकघरातली कढई लहान झालेली नाही. पण उष्ट्याचं आणि शिळ्याचं पिंप रोज वजन करून पाटीवर खडूने आकडा लिहायला लागलं की आठवड्याभरात आचारी स्वतःच बोलायला लागतो. अमुक दिवशी अमुक पदार्थ नेहमी उरतो, वाढप मोठं पडतंय, सोलताना फार जातंय. १७ देशांतल्या सुमारे ७०० कंपन्यांच्या जवळजवळ १,२०० ठिकाणांचा असा हिशोब २०१७ मध्ये मांडला गेला. निम्म्या ठिकाणी वाया जाणारं अन्न कमी करण्यासाठी घातलेल्या पैशाच्या चौदापट किंवा त्याहूनही जास्त पैसे वाचले होते. इतका परतावा दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे?

मग हे सगळे आधीच का करत नाहीत? कारण गळती कुणाच्याच खात्यावर नसते. विजेचं बिल एकरकमी येतं, त्यात स्सस्स हा वेगळा रकाना नसतो.

आता माणसांच्या स्वभावाकडे वळते, कारण समाजाला हलवणं म्हणजे शेवटी तेच. हॉटेलच्या न्हाणीघरात आरशाखाली एक छोटं कार्ड उभं केलेलं असतं: पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. हे कार्ड आपण सगळ्यांनी वाचलंय आणि टॉवेल जमिनीवर टाकून बाहेरही पडलोय. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी या कार्डावरचा मजकूर बदलून पाहिला आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पर्यावरणाच्या आवाहनाला ३५ टक्के पाहुण्यांनी दाद दिली. 'इथे उतरणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असं लिहिल्यावर प्रमाण ४४ टक्क्यांवर गेलं. दुसऱ्या प्रयोगात तर 'याच खोलीत राहून गेलेले बहुतेक पाहुणे' असं लिहिलं, आणि आकडा ४९ वर पोचला. त्या खोलीत आधी कोण राहिलं याच्याशी आपला काय संबंध? काहीही नाही. तरीही त्या अनोळखी माणसाचं वागणं पृथ्वीपेक्षा जवळचं वाटतं.

म्हणजे 'लोक किती बेजबाबदार झालेत बघा' हे आपलं लाडकं वाक्य उलटं काम करतं. त्यातून ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की सगळे तसेच वागतात, मग मी एकटा शहाणा कशाला होऊ?

यातही एक मेख आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये घरांना त्यांचा वीजवापर आणि शेजारपाजारची सरासरी कळवली गेली. जास्त वापरणाऱ्यांनी वापर घटवला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला! आपण उगीच काटकसर करतोय असं त्यांना वाटलं असावं. मग कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढला, तेव्हा ती वाढ थांबली. २००७ चा हा अभ्यास वाचल्यापासून मला शाबासकीबद्दल जास्त आदर वाटायला लागलाय. चुकणाऱ्याच्या मागे आपण हात धुऊन लागतो आणि जो वर्षानुवर्षं नीट वागतोय त्याची कुणी दखलही घेत नाही.

सामाईक गोष्टी लोक आपणहून जपू शकतात का, यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्य घालवलं आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी सांगितलेल्या उदाहरणांपैकी स्वित्झर्लंडमधल्या त्योर्बेल या डोंगरी गावाचं मला विशेष वाटतं. तिथला सामाईक कुरणाचा १५१७ सालचा नियम असा, की हिवाळ्यात ज्याला जितक्या गायी स्वतःच्या वैरणीवर पोसता येतात, तितक्याच त्याने उन्हाळ्यात डोंगरावर सोडाव्यात. केवढा देखणा नियम आहे! त्याला मोजमापाचं यंत्र नको, फार कारकुनी नको. कुणाच्या गोठ्यात किती गायी तगल्या हे गावाला दिसतंच. नियम गावाने केलेला, गावाला तपासता येणारा, आणि तोडणाऱ्याला बोल लावणारेही त्याचेच शेजारी. आपल्या वसाहतीत, गल्लीत, बाजारपेठेत आपण जे नियम करतो त्यांना ही कसोटी लावून पाहावी. पाळला की नाही हे रस्त्यावरून जाताजाता दिसतं का? दिसत नसेल तर त्या नियमाचं आयुष्य फार नाही.

ओळखीपाळखीचं महत्त्व डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्येही दिसतं. छोटं बंदर, मोजके कारखाने, एकमेकांना ओळखणारे व्यवस्थापक. १९७२ पासून तिथला तेलशुद्धीकरण कारखाना, एरवी जाळून टाकला जाणारा वायू शेजारच्या, भिंती-छतांना लावायच्या जिप्समच्या पाट्या करणाऱ्या कारखान्याला देऊ लागला. पुढे वीजकेंद्राची वाफ इतर कारखान्यांना आणि उष्णता घरांना मिळू लागली. धुरातलं गंधक काढताना तयार होणारं जिप्सम पुन्हा त्या पाट्यांच्या कारखान्यात गेलं. हे करताना कुणी पर्यावरण रक्षणाचा फलक लावला नव्हता. दोघादोघांनी बसून करार केले, दोघांचाही फायदा पाहिला. ही सगळी एक साखळी झालीय आणि ती जगाला दाखवण्यासारखी आहे, हे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं. कुणाच्या मागच्या दारातून काय बाहेर पडतं आणि कुणाला काय विकत आणावं लागतं, याची नुसती यादी एका बाजारपेठेपुरती केली तरी बरंच काही जुळेल. सुताराचा भुसा, खोकी, गोणपाट, रिकामे कॅन.

'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'निसर्गस्नेही' असल्या हिरव्या लेबलांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यांचा मला कंटाळा आहे. युरोपीय आयोगाने २०२० साली तपासलेल्या अशा दाव्यांपैकी ५३ टक्के मोघम, दिशाभूल करणारे किंवा निराधार निघाले. छोट्या व्यावसायिकाला मी एवढंच म्हणते, की विशेषण लावू नका, काय केलं ते लिहा. 'या दुकानात पिशवी मिळत नाही' ही पाटी पानाफुलांच्या चित्रापेक्षा जास्त बोलते.

एक गोष्ट मात्र या विषयावरच्या व्यासपीठांवर कुणी विचारत नाही, आणि ती मला टोचते. यात कष्ट कुणाचे? जपानमधल्या कामिकात्सु या डोंगरातल्या छोट्या गावाचं कौतुक सगळीकडे ऐकू येतं. २००३ साली त्यांनी शून्य कचऱ्याचा संकल्प केला. गावात घंटागाडी फिरत नाही, लोक कचरा धुऊन, वाळवून, केंद्रावर नेऊन चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात, आणि जवळपास ८० टक्के कचरा पुनर्वापरात जातो. केंद्रातल्या प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असतं की ही वस्तू पुढे कुठे जाते, तिचं काय होतं, आणि तिच्यापायी गावाला पैसे मिळतात की मोजावे लागतात. ही पाटी मला त्या प्रकारांच्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते. ज्याला काम सांगितलं त्याला त्या कामाचं पुढे काय होतं हेही सांगितलं. पण बाटली विसळून, लेबल सोलून, झाकण वेगळं काढून उन्हात ठेवायची, हे प्रत्येक घरात कुणीतरी करतंच ना? तो कुणीतरी म्हणजे घरातली बाई, आणि दुकानात सगळ्यात कमी पगारावरचा पोऱ्या. सभेत ठराव पास करणारे हात आणि खरकटा डबा घासणारे हात सहसा वेगळे असतात. म्हणून अशा कुठल्याही योजनेच्या बैठकीला मालकाबरोबर त्या पोऱ्यालाही बसवावं, आणि घराघरांतून येताना एकट्या पुरुषांनी येऊ नये. दोन प्रश्नांतच योजनेतले कच्चे दुवे बाहेर पडतात.

कामिकात्सुने २०२० पर्यंत शून्यावर यायचं ठरवलं होतं. ते तिथवर पोचले नाहीत. उरलेल्या वीस टक्क्यांत डायपर आहेत, कातडं-रबर-कापड एकत्र चिकटवलेली पादत्राणं आहेत, वेगळेच करता येणार नाहीत असे थर जोडून केलेली वेष्टनं आहेत. इतकी शिस्त असलेलं गावही तिथे थांबतं, कारण त्या वस्तू बनवणारा गावात राहत नाही आणि बैठकीलाही येत नाही. स्थानिक पातळीवर जे जमतं ते जमवून झालं की पुढचं पत्र त्याला लिहायचं. ते पत्र दुकानदारांच्या संघाने लिहिलं तर बरं, कारण ग्राहकाचं एक पत्र टोपलीत जातं. माल उतरवून घेणारे शंभर जण एकदम 'हे वेष्टन आम्हाला नको' म्हणाले तर कंपनीचा विक्री विभाग दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो.